खिरापतीच्या वाटेवर

लोकसाहित्याच्या तासाला भोंडल्याची गाणी आली की आमची वाट ठरलेली असते. सासर-माहेराचा ताण, सासुरवाशिणीची घुसमट, निरर्थक वाटणाऱ्या शब्दांतील नादाची मौज, सुफलनाचे विधी आणि शेवटी हत्तीचे प्रतीक. परीक्षेला एवढे पुरते. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकीच्या तासाला निफाड तालुक्यातून रोज एस.टी.ने येणाऱ्या एका विद्यार्थिनीने हात वर केला आणि विचारले, "मॅडम, खिरापत खाऊन झाल्यावर या मुली अंधारात घरी कशा जायच्या?" वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत, कारण त्यांना उत्तर सुचले नव्हते.

स्त्रीगीतांच्या संकलनाचे काम मराठीत मोठे झाले आहे. कमलाबाई देशपांडे, मालतीबाई दांडेकर, सरोजिनी बाबर यांच्यापासून तारा भवाळकरांपर्यंतच्या अभ्यासकांनी ही गाणी कागदावर आणली, त्यांचे पाठभेद नोंदवले, त्यांच्यामागची बाईची दृष्टी उलगडून दाखवली. मात्र एका घरची गाणी संपून दुसऱ्या घरची सुरू होईपर्यंत मधे जी वाट असते, ती गाण्यांच्या संग्रहात येत नाही. ती संहितेबाहेरची. सहा-सात ते बारा-तेरा वर्षांच्या पंधरा-वीस मुली, दिवेलागणीची वेळ, परतीच्या पावसाने निसरडे झालेले बोळ आणि घरोघरी वाट पाहणारा एक झाकलेला डबा. मुलीने तिन्हीसांजेला उंबरा ओलांडू नये असा ज्या समाजाचा दंडक, त्याच समाजाने ओळीने इतके दिवस आपल्या मुली बाहेर कशा सोडल्या, हा प्रश्न आम्हांला इतिहासाचा वाटतो.

प्रथम विधीची थोडी उजळणी. सूर्य हस्त नक्षत्रात गेला, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस, की हादगा बसतो. हस्त म्हणजे हत्ती, म्हणून पाटावर हत्ती रेखायचा आणि त्याच्याभोवती फेर धरायचा. कोल्हापूर-साताऱ्याकडे याला हादगा म्हणतात, पुण्या-नाशिककडे भोंडला. जुन्या रीतीने तो सोळा दिवसांचा. पहिल्या दिवशी एक गाणे आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असे करीत सोळाव्या दिवशी सोळा. आता बहुतेक ठिकाणी तो नवरात्राच्या नऊ दिवसांत, किंवा खरे सांगायचे तर कुठल्या तरी एका रविवारी, उरकला जातो. दर दिवशी फेर एकेका घरी फिरत जाई, एका संध्याकाळी अनेक घरीही जाई, आणि प्रत्येक घरची खिरापत आधी ओळखावी लागे. घरातली बाई झाकलेला डबा कानाशी हलवून दाखवी. गोड की तिखट, ओले की कोरडे, अशा प्रश्नांनी मुली तिला घेरत. वाटली डाळ असेल तर डबा मुका राहतो, दाणे किंवा लाह्या असतील तर बोलतो. ओळखता येऊ नये असा पदार्थ करण्यात त्या बाईची प्रतिष्ठा आणि ओळखण्यात मुलींची.

या खेळातील एक साधी व्यावहारिक बाब आमच्या नजरेतून कायम सुटली होती. खिरापत वाटायची तर डोकी मोजावी लागतात. डाळ वीस वाट्यांत घालायची की बावीस, हे फेर चालू असतानाच ठरवावे लागते. म्हणजे प्रत्येक घरी, प्रत्येक संध्याकाळी, एक प्रौढ बाई दारातून आलेल्या मुली मोजत असे. काल बावीस होत्या आणि आज एकवीस, हे तिला कळे. कोण आली नाही, का आली नाही, ही चौकशी लगेच होई, कारण तिच्या वाटणीची खिरापत झाकून ठेवायची असे किंवा कुणाच्या तरी हाती पाठवायची असे. ही हजेरीच होती. तिला कुणी हजेरी म्हटले नाही, एवढेच.

जुन्या नाशकाची रचना या हजेरीला अनुकूल होती. गाव टेकाडांवर वसलेले. तिवंधा, तांबट लेन, डिंगर आळी, तिळभांडेश्वर लेन, नाव दरवाजा असे चढउतारांचे आणि वळणांचे रस्ते. (नाशिककर आळीला सहजी 'लेन' म्हणतो, त्याची मौज बाहेरून आलेल्याला वाटते.) वाड्याला दिंडी दरवाजा, आत चौक, चौकाभोवती बिऱ्हाडे. फेर चौकात धरला की चारही बाजूंची माजघरे आपोआप राखणीला बसत. एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात जाताना मधली वाट पन्नास पावलांची, आणि त्या पन्नास पावलांवर ओटे. ओट्यावर वाती वळणारी आजी, जानवे कातणारे आजोबा, अडकित्ता घेऊन बसलेला कुणी. यांतील कुणाचीही राखणदार म्हणून नेमणूक नव्हती. मुली गात जात असल्याने त्या कुठवर आल्या हे पुढच्या घराला आधीच ऐकू येई, आणि आवाज मधेच थांबला तर तेही ऐकू येई. विंचूकाटा, उघडी गटारे, मोकाट जनावर, हस्ताचा अवचित पाऊस ही भये खरीच होती. त्यांवर उपाय म्हणजे एक कंदील, फेरातील थोरली मुलगी आणि हा आवाज.

इथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख गतकाळाच्या आठवणींनी ओलावलेल्या अनेक लेखांपैकी एक झाला असता. परंतु ज्या गाण्यांच्या आवाजाने वाट राखली, ती गाणी काय सांगत होती? वाटेवरच्या भयाविषयी त्यांत फारसे काही नाही. चोर आहे तो गमतीचा. वेडा आहे तो घरचाच नवरा. खरे भय घरात आहे. माहेरी जायला परवानगी मागणारी सून सासूकडे जाते, सासू तिला सासऱ्याकडे पाठवते, सासरा दिराकडे, आणि असे करीत घरातील प्रत्येक दार तिच्यासाठी मिटत जाते. दुसऱ्या एका गाण्यात भाजीचे बी पेरण्यापासून ती खाऊन होईपर्यंतची सगळी कामे उरकल्याखेरीज तिला माहेर नाही. हे गाणाऱ्या मुलींचे वय आठ-नऊ वर्षांचे. आपण यात पुढील आयुष्याची रंगीत तालीम पाहतो, तसे वर्गात शिकवतोही. पण एकोणिसाव्या शतकातील मुलीला ही तालीम म्हणावी का? तिचे लग्न बहुधा झालेले असे किंवा ठरलेले असे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधाचे किमान वय दहावरून बारावर नेले, त्याला केवढा विरोध झाला हे आपण जाणतो. मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा १९२९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. तोवर, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे, खिरापतीच्या वाटेवर जिला गटारात पडू न देण्याची काळजी सारी लेन घेई, तिला त्याच लेनीतील घरात काय सोसावे लागते याबाबत लेन मौन पाळी. मुली ते मौन गाऊन मोडत. आणि दारात उभी राहून डबा हलवणारी सासू ते ऐकून हसत असे, कारण ते गाणे होते.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' या संदर्भात पुन्हा वाचावीत. नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ मध्ये जन्मलेल्या या बाईचे लग्न अकराव्या वर्षी झाले. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने घरातील माणसांचे, विशेषतः बायकामुलांचे, जिणे कसे जखडून गेले होते, हे त्यांनी ज्या विनोदबुद्धीने सांगितले आहे तिला मराठीत तोड नाही. आम्ही ते विनोद म्हणूनच शिकवतो. शेजारपाजार त्या घरात होता, सगळे जाणत होता, आणि मुलांना गुपचूप थोडाबहुत आसरा देण्यापलीकडे त्याला काही करता येत नव्हते. एका घराच्या कर्त्या पुरुषाला शेजाऱ्याने हटकावे, ही कल्पनाच तेव्हाच्या शेजारधर्मात बसत नव्हती. शेजारधर्म उंबऱ्यापर्यंत होता.

तो आणखी एका अर्थानेही उंबऱ्यापर्यंतच होता. ज्या लेनीचे कौतुक वर केले, तिच्या फेरात कोणाच्या मुली होत्या आणि कोणाच्या नव्हत्या हे सांगायला वेगळा पुरावा नको. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पंचवटीतील काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो पुढची जवळजवळ पाच वर्षे नेटाने चालवला, तरी ते दार उघडले नाही. ज्या गावात देवाचे दार उघडत नव्हते, त्या गावात खिरापतीचा डबा कोणापुढे हलवला जात असेल? वाड्यातील मुली सुखरूप होत्या याचे एक कारण असे की सगळे चेहरे ओळखीचे होते, आणि चेहरे ओळखीचे राहावेत यासाठी पुष्कळ चेहरे बाहेर ठेवलेले होते.

हा फेर थोडा तरी मोकळा झाला तो वाड्यांबाहेर पडल्यावर. सातपूरची औद्योगिक वसाहत, ओझरचा विमान कारखाना, पुढे अंबड, यांच्या ओढीने साठ-सत्तरच्या दशकांपासून जळगाव-धुळ्याकडची, मराठवाड्याची, जिल्ह्याच्या तालुक्यातालुक्यांतली कुटुंबे नाशकात येत गेली. सिडकोने सहा योजनांत मिळून नवीन नाशिक उभे केले. लहान घरे, समोरासमोर दारे. खानदेशातून आलेल्या बायकांनी आपली गुलाबाई बरोबर आणली. विदर्भात जिला भुलाबाई म्हणतात, तीच ही. भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि कोजागिरीला उठते, म्हणजे पुरा महिना. हत्तीऐवजी शंकर-पार्वतीच्या मातीच्या मूर्ती, फेराबरोबर टिपऱ्या, आणि घरोघरी जाऊन गाणी म्हणण्याची व खाऊ ओळखण्याची रीत मात्र तीच. नाशिक हे भोंडला आणि गुलाबाई या दोन प्रदेशांच्या शिवेवरचे गाव. सिडकोतील एकाच ओळीत दोन्ही नांदू लागली. पूर्वी परस्परांच्या ओट्यावरही न बसलेल्या जातींच्या मुली एका फेरात आल्या. आमच्यापैकी दोघींचे बालपण याच ओळींत गेले, आणि कोणत्या घरी कोणता खाऊ हे आजही त्या दारांच्या क्रमाने सांगू शकतात. त्या घरांची आडनावे मात्र त्यांना तेव्हा ठाऊक नव्हती.

आता थोडे दूर जाऊ. अमेरिकेतील मराठी कुटुंबांत ऑक्टोबर महिना दुहेरी असतो. महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहात भोंडला होतो आणि महिनाअखेरीस, ३१ तारखेला, तीच मुले भुताखेतांचे वेश घेऊन हॅलोविनचा खाऊ मागायला घरोघरी निघतात. 'खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू' अशा अर्थाची ती आरोळी १९२० च्या दशकात कॅनडातील वृत्तपत्रांत दिसते आणि दुसऱ्या महायुद्धातील साखरेचे नियंत्रण उठल्यावर अमेरिकाभर पसरते. हॅलोविनच्या रात्री पोरे कुंपणे मोडीत, गाड्या उलथवीत. त्यांना आवरण्यासाठी शेजाऱ्यांनी दार उघडून गोडधोड देण्याचा मार्ग पत्करला. आपल्याकडच्या होळीच्या गोवऱ्या-लाकडे पळवणाऱ्या टोळक्यांची आठवण इथे कोणालाही होईल.

या प्रथेला भयाने ग्रासले ते एका घटनेनंतर. १९७४ च्या हॅलोविनला टेक्सासमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा विषारी गोळीपूड खाऊन मरण पावला. तेव्हापासून अनोळखी माणूस खाऊत विष घालतो ही धास्ती घरोघर बसली, १९८२ मध्ये शिकागो परिसरात औषधाच्या बाटल्यांतील सायनाइडने सात जण दगावल्यावर ती वाढली, आणि मुलांच्या खाऊची क्ष-किरण तपासणी करून देणारी रुग्णालयेही निघाली. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने एका सहकाऱ्यासह १९५८ पासूनच्या वृत्तपत्रीय नोंदी धुंडाळल्या आणि १९८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: अनोळखी माणसाच्या खाऊने मूल दगावल्याचा एकही सिद्ध प्रसंग त्यांना आढळला नाही. टेक्सासच्या त्या मुलाला विष देणारा त्याचा बाप होता, रोनाल्ड ओब्रायन. विम्याच्या पैशासाठी. त्या रात्री मुलांना घरोघरी नेणारा प्रौढ माणूस तोच होता, आणि शेजारीही बरोबर होता. दार न उघडलेल्या एका अंधाऱ्या घरातून खाऊ मिळाल्याचे त्याने भासवले. १९८४ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. भयाने मात्र आजवर अंधाऱ्या घराचाच पत्ता लक्षात ठेवला आहे. त्या रात्रीचा मोजता येणारा धोका वेगळाच आहे: ४२ वर्षांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासानुसार हॅलोविनच्या संध्याकाळी वाहनाखाली सापडून पादचारी मरण्याची शक्यता आजूबाजूच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी अधिक असते. आमच्या कॉलेज रोडवर संध्याकाळी उभे राहिलेल्या माणसाला हे पटायला अभ्यास लागत नाही.

वेश घेतलेली मुले आणि मेलेले पूर्वज एकत्र पाहायचे तर त्यासाठी अमेरिकेला जायचे कारण नाही. धुळवडीला जुन्या नाशकात यावे. घराण्यातील वीरांचे टाक देव्हाऱ्यातून निघतात, वाजतगाजत गोदावरीवर रामकुंडात स्नानाला जातात, आणि त्यांच्याबरोबर राम, कृष्ण, खंडेराव, शिवाजी महाराज अशा वेशांतली लहान मुले, काही चालत, काही बापाच्या नाहीतर काकाच्या खांद्यावर. मिरवणुकीचा मानकरी दाजिबा वीर डोईला बाशिंग बांधून निघतो. अंगाला हळद लागलेली असताना वाटेत मारल्या गेलेल्या नवरदेवाची आख्यायिका त्याच्यामागे सांगतात. ही मुले सबंध लेनीच्या मधोमध चालतात. पुढे वाजंत्री, मागे काका-मामा, कडेला औक्षणाचे तबक घेऊन उभ्या बायका. गर्दी अफाट, नदी समोर, तरी मूल हातातून सुटत नाही. आम्हांला यात एक फरक जाणवतो. वीरांबरोबर निघालेल्या मुलांना पुरुषांचा गराडा लाभतो. खिरापतीला निघालेल्या मुलींना तो कधीच नव्हता. त्यांचे रक्षण बायकांनी दारात उभे राहून, घरची कामे न सोडता, वाट्या भरता भरता केले. इतिहासात ते काम म्हणून नोंदले गेले नाही याचे कारणही बहुधा हेच.

आजचे चित्र सर्वांपुढे आहे. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात एखादा वाडा कोसळल्याची बातमी येते. नव्या संकुलांत फाटकाशी रखवालदार आहे, जिन्यात कॅमेरा आहे, आणि भोंडला तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपकावर होतो. खिरापत सर्वांची मिळून एकच, आचाऱ्याकडून आणलेली, कागदी पात्रांतून. मोजायचे कारण उरले नाही. पात्रे वीस-पंचवीस जास्तच मागवलेली असतात. मुली कोणाच्या दारात जात नाहीत, म्हणून कोणत्या दारामागे काय आहे हे त्यांना कळत नाही आणि दारामागच्यांना मुली कळत नाहीत. दुसरीकडे, बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा २०१२ पासून आहे, १०९८ हा क्रमांक शाळांच्या भिंतींवर रंगवलेला आहे, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की या कायद्याखालील बलात्काराच्या प्रकरणांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो: घरचा, नात्यातला, शेजारचा. शेजारचा हा शब्द इथे नजरेआड करता येत नाही. वाड्याच्या चौकातही तो असणारच. तेव्हा त्याला नाव देण्याची सोय नव्हती. आज उंबऱ्याच्या आत जाऊ शकणारा कायदा आहे. पण अमुक मुलगी चार दिवस दिसली नाही, हे प्रथम कुणाच्या लक्षात यावे, याची तरतूद कायद्यात करता येत नाही.

त्या विद्यार्थिनीला आमच्या मॅडमनी पुढच्या तासाला उलट विचारले, तुमच्याकडे मुली कशा जातात? तिचे घर गोदावरीकाठच्या उसाच्या पट्ट्यात, मळ्यातल्या वस्तीवर. तिथे बिबट्या आहे. संध्याकाळी मुलांना एकटे सोडू नका, घोळक्याने चाला, मोठ्याने बोलत चाला, असे वनखाते गावोगाव सांगत असते. वस्त्या दूरदूर, मधे पुरुषभर ऊस. ती म्हणाली, आमच्याकडे आता दिवस मावळायच्या आत भोंडला आटपतात. तरी शेवटच्या घराला उशीर होतोच. मग त्या घरची बाई हातात बॅटरी घेऊन पुढच्या वस्तीच्या बांधापर्यंत येते, तिथे दुसरी उभी असते. दोघी मिळून मुली मोजतात. आकडा जुळला की पहिली मागे फिरते.

"आणि गाणी?" मॅडमनी विचारले.

"ती वाटेत थांबवायची नाहीत असं आजीनं सांगितलंय," ती म्हणाली. "पाठ असलेली संपली तर पहिल्यापासून."